पस्तीस मिनिटांचा इंग्रजीचा तास

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजी विषयाची तयारी कशी करावी, यावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी सूचना संयोजकांनी केली. परीक्षेत कोणता प्रश्न किती गुणांचा असतो आणि निबंधाची सुरुवात कशी करावी, हे बाजारात मिळणाऱ्या गाईडमध्ये छापलेले असते. ते पुन्हा सांगण्यासाठी आपला वेळ आम्ही घेणार नाही. कामगार वस्तीतल्या मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवण्यात आमचे आयुष्य गेले. म्हणून शाळेतल्या इंग्रजीच्या तासाला रोज काय घडते, काय घडायला हवे आणि आमच्या हातून काय चुकले, एवढेच आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम एक साधा हिशेब करू. आमचा तास पस्तीस मिनिटांचा आणि वर्गात मुले साठ. पस्तीस मिनिटांचे सेकंद होतात २१००. ते साठ मुलांत वाटले तर एकेका मुलाच्या वाट्याला येतात फक्त ३५ सेकंद. त्यातून हजेरी, फळा पुसणे, वह्या गोळा करणे वजा करा. ज्या मुलाच्या घरी, शेजारी, गल्लीत कोणी इंग्रजी बोलत नाही, त्याला दिवसभरात इंग्रजी बोलण्याची मिळणारी संधी इतकीच. आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण त्यालाच विचारतो, "इंग्रजीत कसा नापास झालास?" हा हिशेब ध्यानात ठेवला म्हणजे पुढे आम्ही जे सांगणार आहोत ते पटेल.

तासाची सुरुवात हजेरीने होते. "प्रेझेंट सर" किंवा "येस सर" एवढे दोन शब्द मूल म्हणते आणि खाली बसते. पुढे आम्ही या हजेरीचाच धडा केला. एके दिवशी "येस सर" ऐवजी प्रत्येकाने सकाळी काय खाल्ले ते एका शब्दात सांगायचे, दुसऱ्या दिवशी एका प्राण्याचे नाव, तिसऱ्या दिवशी एका क्रियापदाचे भूतकाळी रूप. मग फळ्यावर तारीख, वार आणि आजचे हवामान रोज एक विद्यार्थी लिहितो. पावसाळ्यात "इट इज रेनिंग" हे वाक्य खिडकीबाहेर पाऊस पडत असतानाच लिहिले गेले, तर ते पुन्हा पाठ करावे लागत नाही.

पाचवीच्या मुलांना पहिल्या दिवशी आम्ही विचारत असू, "तुम्हांला इंग्रजी येते का?" सगळा वर्ग मान हलवून नाही म्हणायचा. मग आम्ही म्हणायचो, "घरापासून शाळेपर्यंत येताना जे जे दिसले, त्यातले इंग्रजी शब्द सांगा." सायकल, बस, रिक्षा, सिग्नल, हॉटेल, डॉक्टर, तिकीट, पेन्सिल, टेबल, नळाचा पाइप, दिव्याचा बल्ब. फळा भरून जाई. आपल्या आजी-आजोबांनी तर हे शब्द आपल्या जिभेला रुचतील असे वळवून घरात आणले. हापिस, ठेसन, बाटली, पलटण हे त्यांचे शब्द. आणि देवाणघेवाण एकाच बाजूची नाही. इंग्रजीतला 'मंगूस' हा शब्द आपल्या मराठी मुंगुसावरून तिकडे गेला, हे सांगितले की मुले हसतात आणि सरसावून बसतात. परक्या वाड्यात आपलाही एक नातेवाईक राहतो, असे त्यांना वाटते. इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध असे आपल्याकडे म्हणण्याची पद्धत आहे. ते ऐकून लहान मूल दुधाआधी वाघिणीलाच घाबरते. ती भीती घालवणे हे पहिल्या महिन्याचे खरे काम होय.

हजेरीनंतर वाचन. प्रकट वाचनात काय होते ते आपण सर्वांनी अनुभवले आहे. एकेका मुलाने एकेक वाक्य वाचायचे असले, की मागच्या बाकावरचा मुलगा माणसे मोजतो, आपल्या वाट्याचे वाक्य शोधतो आणि तेवढेच ओठांतल्या ओठांत घोकत बसतो. बाकीचा धडा त्याच्या कानांवरून वाहून जातो. काही मुले पुस्तकात इंग्रजी ओळींच्या वर पेन्सिलीने मराठी अक्षरे लिहून ठेवतात, 'देअर वॉज अ किंग' असे. पूर्वी आम्ही ती अक्षरे खोडायला लावत असू आणि वर एक छडीही देत असू. पुढे समजले की ती त्या मुलाची कुबडी आहे. पाय बरा व्हायच्या आत कुबडी हिसकावली तर माणूस पडतो. म्हणून आम्ही नियम केला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मराठी अक्षरे लिहायला परवानगी, सुट्टीनंतर फक्त अवघड शब्दांवर आणि वार्षिक परीक्षेपूर्वी सर्व पुसून टाकायची. बहुतेक मुले त्याआधीच स्वतःहून पुसायची.

आता शब्दलेखन. चार रेघी वही, त्यात वळणदार अक्षर आणि आठवड्यातून एकदा दहा शब्दांची डिक्टेशन. शेजाऱ्याशी वही बदलायची, लाल पेन्सिलीने चुका काढायच्या आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा. त्या दहा वेळांची गंमत सांगतो. मुले पहिले अक्षर दहा वेळा एकाखाली एक उभे लिहितात, मग दुसरे अक्षर, मग तिसरे. वही भरते, पण शब्द डोक्यात शिरत नाही. त्यापेक्षा चुकलेला शब्द घालून दोन वाक्ये लिहायला सांगणे केव्हाही चांगले.

स्पेलिंग चुकते म्हणून मुलाला ढ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपली देवनागरी बव्हंशी जसे बोलावे तसे लिहिते. इंग्रजीत अक्षरे सव्वीस आणि ध्वनी चाळीसहून अधिक, तेव्हा एकाच अक्षराला अनेक कामे करावी लागतात. 'नी' म्हणजे गुडघा, 'नाइफ' म्हणजे सुरी, दोन्ही शब्दांच्या आरंभी 'के' लिहायचा आणि उच्चारायचा मात्र नाही. 'ओ-यू-जी-एच' ही चार अक्षरे 'दो', 'थ्रू', 'टफ' आणि 'कफ' या चार शब्दांत चार तऱ्हेने बोलतात. याचे कारण इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत तो 'के' खरोखर उच्चारला जात असे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छपाई सुरू केली आणि पुढे छापखान्यांमुळे शब्दांची रूपे हळूहळू ठरून गेली. लोकांचे उच्चार मात्र बदलत राहिले. म्हणजे अक्षरे जुन्या काळी थांबली आणि जीभ पुढे निघून गेली. हे कारण सांगितले की मूल स्वतःला दोष देणे थांबवते. मग एकाच घराण्यातले शब्द एकत्र पाठ करावेत. 'नाइट', 'लाइट', 'राइट', 'फाइट' एकदम शिकले तर चार शब्द एकाच्या कष्टात येतात.

व्याकरणाच्या तासाला आमचा सर्वांत उपयोगी मदतनीस मराठीच असे. 'राम आंबा खातो' हे वाक्य 'आंबा राम खातो' असे फिरवले तरी खाणारा रामच राहतो. इंग्रजीत शब्द फिरवले की आंबाच रामाला खातो. वर्ग खदखदून हसतो आणि इंग्रजीत शब्दाची जागा महत्त्वाची असते, हा नियम कायमचा पक्का होतो. आपण म्हणतो 'मला भूक लागली आहे'. इंग्रज भूक लागू देत नाही, तो स्वतःच भुकेला असतो, 'आय ॲम हंग्री'. मराठीत 'अ', 'ॲन', 'द' यांचे बिऱ्हाडच नाही, म्हणून आपल्या मुलांकडून ते गळतात. आपल्या एका 'व'मध्ये इंग्रजीचे दोन वेगळे ध्वनी मावतात, म्हणून 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' यांत घोळ होतो. यात बुद्धीचा काही संबंध नाही. दोन भाषांची घरे निराळ्या नकाशांवर बांधलेली आहेत, इतकेच.

वाक्यरचनेसाठी आम्ही फळ्यावर तक्ता आखत असू. पहिल्या रकान्यात चार कर्ते, दुसऱ्यात चार क्रियापदे, तिसऱ्यात चार कर्मे. एकेका रकान्यातून एकेक शब्द उचलला की चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ वाक्ये तयार होतात. त्यांतली काही विनोदी निघतात, पण व्याकरणाने शुद्ध असतात. दोन-दोन मुलांच्या जोड्या करून एकाने प्रश्न विचारायचा व दुसऱ्याने उत्तर द्यायचे, असे केले तर एकाच वेळी तीस मुले बोलतात. वर्गात गलका होतो, शेजारच्या वर्गाचे शिक्षक दारात येऊन उभे राहतात, पण ३५ सेकंदांची दहा मिनिटे होतात.

आता जे सांगणार आहोत ते सांगताना आजही मान खाली जाते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्हीही एक नियम केला होता, की इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजीतच बोलायचे. पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. अबोल, शेवटच्या बाकावर बसणारा. एके दिवशी तास चालू असताना तो उठला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, लघवीला जाऊ?" आम्ही म्हणालो, "इंग्लिश प्लीज." त्याला 'मे आय गो आउट' हे वाक्य आठवेना. तो तसाच उभा राहिला. आम्ही फळ्याकडे वळलो. थोड्या वेळाने वर्गात हशा पिकला. मागे पाहिले तेव्हा त्याची चड्डी भिजली होती आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही. आठवडा झाला तेव्हा आम्ही त्याच्या घरी गेलो. आई दारात धुणे वाळत घालत होती. आम्ही दिलगिरी सांगू लागलो, सबब सांगू लागलो, की मुलांना इंग्रजी बोलायची सवय लागावी म्हणून हा नियम होता. त्या माउलीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, पोरगं बोललं न्हाई असं न्हाई. त्ये बोललं व्हतं. तुमी ऐकलं न्हाई."

मित्रहो, आम्ही अध्यापनाची पदवी घेतली होती, भाषा-अध्यापनाच्या पद्धती पाठ केल्या होत्या. पण भाषा कशासाठी असते, हे आम्हांला त्या दिवशी त्या निरक्षर माउलीने शिकवले. माणसाने बोलावे आणि दुसऱ्याने ऐकावे यासाठी भाषा असते. जो शिक्षक मुलाची भाषा ऐकत नाही, त्याला त्या मुलाला दुसरी भाषा शिकवता येत नाही.

त्या दिवसापासून आमच्या वर्गाचा नियम बदलला. अडचण मराठीत सांगायची. ती आधी दूर होईल. मग तेच वाक्य आम्ही इंग्रजीत सांगू आणि विद्यार्थी एकदा म्हणेल. अशी रोजच्या गरजेची वाक्ये आम्ही कागदावर लिहून भिंतीवर लावली. पाणी प्यायचे आहे, समजले नाही, पुन्हा सांगा, वही विसरली, पोट दुखते. वर्षअखेर भिंत भरली. 'समजले नाही, पुन्हा सांगा' हे वाक्य मुले सर्वांत अधिक वापरू लागली, याचा आम्हांस विशेष आनंद झाला. तो मुलगाही परत आला. पुढे दहावीला इंग्रजीत पस्तिसाच्या वर थोडे गुण मिळवून उत्तीर्ण झाला आणि तांत्रिक शिक्षण घेऊन कारखान्यात लागला. यंत्राबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका तो वाचतो आणि सहकाऱ्यांना मराठीत समजावून सांगतो.

काही वर्षांपूर्वी तोच आम्हांला भेटायला आला. म्हणाला, "सर, आता उलटंच झालंय. मुलगी इंग्रजी शाळेत आहे. पटापटा वाचते. पण वाचलेलं काय ते विचारलं, की ना इंग्रजीत सांगता येत, ना मराठीत." पालकांनो, हा आजचा प्रश्न आहे. आमच्या काळात मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी होते. इ. स. २००० पासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून आले. मुलांना लवकर ओळख झाली, गाणी-गोष्टींतून शब्द कानावर पडू लागले, हे चांगलेच झाले. परंतु वाचता येणे आणि समजणे यांत अंतर असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत शिक्षणाचे माध्यम घरची भाषा असावे, असे म्हटले आहे. मराठी पक्की असणे हा इंग्रजीच्या वाटेतला अडथळा नव्हे, ती पायाखालची जमीन आहे.

याबाबतीत आपल्यापुढे बाबासाहेबांचे उदाहरण आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी घरी मुलाकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा अभ्यास करून घेतला. मराठी वाक्याला नेमका इंग्रजी शब्द कोणता, हे शोधण्याची सवय अशी लागली. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तो इंग्रजीत. पण १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले ते मराठीत. जगाशी वाद घालायला एक भाषा आणि आपल्या माणसांशी बोलायला दुसरी. दोन्ही त्यांनी सारख्याच ताकदीने वापरल्या. त्याही आधी, १८५४ मध्ये, सावित्रीबाई फुले यांनी आपल्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तोही मराठी कवितेतून.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी थोडे. बंगालमध्ये ढाक्याला अध्यापनाचे काम केलेले मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञांनी नेहमी लागणाऱ्या इंग्रजी शब्दांची एक यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात सुमारे दोन हजार शब्द आहेत. तुम्ही शाळेच्या दिवसांत रोज पाच शब्द शिकलात, तर दोनशे दिवसांत एक हजार होतात. म्हणजे दोन वर्षांत तेवढी शिदोरी जमते. शब्द एकटा लिहू नका, वाक्यात लिहा. शब्दकोश पाहायची सवय लावा. मोबाईलवर अर्थ चटकन मिळतो, संपूर्ण उताऱ्याचे भाषांतरही मिळते, परंतु आयते भाषांतर उतरवून काढणे म्हणजे दुसऱ्याने जेवून आपले पोट भरण्याची वाट पाहणे. आधी स्वतः अंदाज करा, मग मोबाईलमध्ये ताडून पाहा.

पुस्तकाबाहेरचे इंग्रजी वाचा. आम्ही मुलांना घरातली वेष्टने आणायला सांगत असू, साबणाची, बिस्किटांची, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. त्यांवरचे वजन, किंमत, तारीख वाचायची. सातवीतल्या एका मुलीने घरी जाऊन आजीच्या औषधाची पट्टी तपासली, तर त्यावरची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली होती. त्या दिवशी त्या घरात इंग्रजी शिकण्याचा उपयोग कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

माता-पित्यांनो, "आम्हांला इंग्रजी येत नाही, आम्ही काय अभ्यास घेणार?" असे म्हणू नका. रोज दहा मिनिटे मुलाला शेजारी बसवा. त्याला इंग्रजी धड्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा आणि मग विचारा, "यात काय लिहिलंय ते मला मराठीत सांग." सांगता आले तर त्याला समजले. अडखळला तर दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारायला पाठवा. ही परीक्षा घ्यायला तुम्हांला एकही इंग्रजी शब्द यावा लागत नाही.

आणि संस्थेच्या सभासदांना एक विनंती. आपल्या अभ्यासिकेत चार-पाच चांगले इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवावेत आणि ते कपाटात कुलूपबंद न ठेवता टेबलावर ठेवावेत. महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यातून एक तास पाचवी-सहावीच्या दोन मुलांसोबत वाचनाला बसावे. साठ मुलांच्या वर्गात ज्याला ३५ सेकंद मिळतात, त्याला येथे अर्धा तास मिळेल. याला देणगी लागत नाही, इमारत लागत नाही. वेळ लागतो, आणि चुकणाऱ्या मुलाला न हसता ऐकून घेण्याची तयारी लागते.

त्या माउलीचे वाक्य आम्ही निवृत्त होईपर्यंत रोज वर्गात शिरताना आठवत असू. आपणही ते आठवावे, एवढीच प्रार्थना. 

जयभीम! जय भारत!